छोटा क्लब विश्वचषक (काराकास)

व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथे १९५२ ते १९५७ या काळात भरलेली निमंत्रित फुटबॉल क्लबांची मैत्रीपूर्ण स्पर्धा. स्पॅनिशमध्ये ती ‘पेकेन्या कोपा देल मुंदो’ या नावाने ओळखली जाते. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील नावाजलेले क्लब तिच्यात समोरासमोर येत. १९६३ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले आणि पुढे १९७५ पर्यंत ती अधूनमधून भरत राहिली. फिफाने ती कधीच भरवली नाही. स्पर्धेचे आयोजक व्हेनेझुएलातील खाजगी व्यावसायिक होते.

त्या काळी दोन खंडांतील विजेत्यांची गाठ घालून देणारी कोणतीही अधिकृत व्यवस्था नव्हती. युरोपातील क्लबांचा युरोपियन कप १९५५ मध्ये सुरू झाला, दक्षिण अमेरिकेतील क्लबांची कोपा लिबेर्तादोरेस १९६० मध्ये. ब्राझीलमधील कोपा रिओ हा मोठा प्रयत्न १९५१ आणि १९५२ या दोनच वर्षांत आटोपला. तो अनुक्रमे पाल्मेइरास आणि फ्लुमिनेन्से यांनी जिंकला. ही पोकळी काराकासने भरून काढली. व्हेनेझुएलाचे स्वतःचे फुटबॉल तेव्हा दुबळे होते, लोकांचा जीव बेसबॉलमध्ये होता. पण तेलाचा पैसा खेळत होता आणि मोठे क्लब दूरवरून बोलावणे परवडत होते. विद्यापीठ नगरीतील नवे ऑलिंपिक स्टेडियमही नुकतेच तयार झाले होते. वास्तुरचनाकार कार्लोस राउल व्हियानुएवा यांनी उभारलेली ही नगरी २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

स्पर्धेत सहसा चार संघ असत आणि सामने दुहेरी साखळी पद्धतीने होत. म्हणजे प्रत्येक संघाला उरलेल्या तिघांशी दोनदा खेळावे लागे. अंतिम सामना नसे, गुणतक्त्यात जो वर तो विजेता. या पद्धतीचे मोल कमी लेखू नये. एका सामन्यात नशीब साथ देते. सहा सामन्यांत संघाचा खरा कस लागतो. १९५३ मध्ये ब्राझीलच्या कोरिंथियन्सने बार्सिलोना, रोमा आणि काराकासचा निवड संघ यांच्याविरुद्धचे सहाच्या सहा सामने जिंकले, तेव्हा तो केवळ दौऱ्यावरच्या संघाचा चांगला आठवडा होता असे म्हणणे कठीण आहे.

पहिल्या, म्हणजे १९५२ च्या स्पर्धेत रेआल माद्रिद, बोताफोगो, कोलंबियाचा मियोनारिओस आणि यजमान देशाचा ला साल असे संघ होते. विजेतेपद रेआलने मिळवले. मियोनारिओसकडून तेव्हा अर्जेंटिनाचा नामवंत आघाडीपटू अल्फ्रेदो दी स्तेफानो खेळत असे. त्याच वर्षी मार्चमध्ये या संघाने रेआलच्या सुवर्णमहोत्सवी स्पर्धेत माद्रिदमध्येच यजमानांना ४–२ असे हरवले होते. पुढच्या वर्षी दी स्तेफानो रेआलमध्ये दाखल झाला. १९५३ मध्ये दोन स्पर्धा झाल्या. कोरिंथियन्सच्या आधीची मियोनारिओसने जिंकली. १९५५ मध्ये साओ पाउलो, १९५६ मध्ये पुन्हा रेआल माद्रिद आणि १९५७ मध्ये बार्सिलोना विजयी ठरले. १९५६ चे रेआल पॅरिसमध्ये फ्रान्सच्या रेंस क्लबला ४–३ असे हरवून पहिला युरोपियन कप जिंकून आले होते, त्यामुळे त्या वर्षीच्या स्पर्धेचे वजन आपोआप वाढले.

१९५७ नंतर स्पर्धा थांबली. जानेवारी १९५८ मध्ये व्हेनेझुएलातील मार्कोस पेरेस हिमेनेस यांची हुकूमशाही कोसळली. १९६० मध्ये युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्या क्लबांसाठी इंटरकाँटिनेंटल कप सुरू झाला. पहिल्या वेळी रेआलने उरुग्वेच्या पेन्यारोलशी माँतेविदेओत ०–० बरोबरी साधली आणि माद्रिदमध्ये ५–१ असा विजय मिळवला. आता खंडांची खरी झुंज तिथे होऊ लागली.

१९६३ मध्ये पुन्हा भरलेली स्पर्धा साओ पाउलोने जिंकली, पण ती लक्षात राहिली वेगळ्याच कारणाने. २४ ऑगस्टच्या पहाटे काराकासच्या पोटोमाक हॉटेलमधून, स्पर्धेसाठी रेआलबरोबर आलेल्या दी स्तेफानोचे अपहरण झाले. आलेल्यांनी आपण पोलिस असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात ते सरकारविरोधी सशस्त्र संघटना एफ.ए.एल.एन.चे तरुण होते. त्यांचा म्होरक्या पाउल देल रिओ पुढे चित्रकार व शिल्पकार झाला. स्पेनमध्ये त्याच वर्षी मृत्युदंड दिलेल्या कम्युनिस्ट नेते हुलियान ग्रिमाऊ यांचे नाव या मोहिमेला देण्यात आले होते. खंडणी हा हेतू नव्हता. जगाचे लक्ष वेधायचे होते, आणि ते पुरेपूर वेधले गेले. दोन दिवसांनी, २६ ऑगस्टला, दी स्तेफानोला स्पॅनिश दूतावासाजवळ सुखरूप सोडण्यात आले. त्या वेळी तो ३७ वर्षांचा होता.

मैत्रीपूर्ण म्हणून या स्पर्धेला दुय्यम लेखण्याची प्रथा आहे. ती पूर्णपणे न्याय्य नाही. निमंत्रण आयोजकांच्या मर्जीवर अवलंबून असे आणि खंडाचा विजेता येईलच याची शाश्वती नसे, हे खरे. पण १९६० पूर्वी दोन्ही खंडांच्या खेळाची तुलना करायला असेच सामने हाताशी आहेत. जून १९५७ मध्ये पॅरिसच्या निमंत्रित स्पर्धेत ब्राझीलच्या वास्को द गामाने युरोपविजेत्या रेआलला ४–३ असे नमवले, तोही मैत्रीपूर्ण सामनाच होता.

ऑक्टोबर २०१७ मध्ये फिफाने १९६० ते २००४ या काळातील इंटरकाँटिनेंटल कप विजेत्यांना जागतिक विजेते म्हणून मान्यता दिली. काराकासच्या स्पर्धेला ती मिळालेली नाही. रेआल माद्रिद मात्र १९५२ आणि १९५६ ची ही दोन विजेतेपदे आपल्या करंडकांत मोजतो.