घाणेरी छाटल्याने अधिकच का फोफावते?

आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणालगत वाढलेली घाणेरी सलग तीन वर्षे पावसाळ्यापूर्वी कोयत्याने जमिनीलगत छाटली गेली आणि तिन्ही वर्षी दिवाळीपर्यंत तेथे पूर्वीपेक्षा दाट झुडूप उभे राहिले. चौथ्या वर्षी मी एका खुंटाभोवतालची माती हाताने बाजूला केली, तेव्हा अंगठ्याएवढ्या जाडीच्या त्या खुंटाला 11 फुटवे आलेले दिसले. छाटणीमुळे झुडूप दुबळे होते ही आपली समजूत या वनस्पतीच्या बाबतीत चुकीची ठरते आणि त्यामागील कारण मोठे विलक्षण आहे.

घाणेरी, अर्थात टणटणी, मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील असून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. तिचे खोड चौकोनी असते, त्यावर बहुधा मागे वळलेले बारीक काटे असतात, पाने समोरासमोर, खरखरीत आणि दातेरी कडांची असतात व चुरगळल्यास उग्र वास येतो. फुलांच्या एकाच गुच्छात मध्यभागी पिवळी आणि कडेला केशरी किंवा गुलाबी फुले दिसतात, कारण उमलताना पिवळे असलेले फूल जुने होताना रंग बदलते. पानांतील विषारी द्रव्यांमुळे जनावरांच्या यकृताला इजा होते. ती सहसा हे झुडूप टाळतात, म्हणून चराईने ते आटोक्यात येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फांदीच्या शेंड्यावरील कोवळ्या भागात ऑक्झिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि ते पेशींमधून खाली वाहत राहते. हा प्रवाह सुरू असेपर्यंत खालचे डोळे, म्हणजे पानांच्या बेचक्यांत आणि खोडाच्या तळाशी असलेले सुप्त अंकुर, झोपलेले राहतात. गंमत अशी की ऑक्झिन स्वतः त्या डोळ्यांत शिरत नाही. त्याच्या प्रभावामुळे डोळ्यांना जागे करणाऱ्या सायटोकायनिनची निर्मिती कमी होते आणि त्यांना रोखणाऱ्या स्ट्रायगोलॅक्टोनची निर्मिती वाढते. शिवाय वाढता शेंडा साखरही स्वतःकडे ओढून घेतो. शेंडा छाटला की हा सर्व तोल एकाच वेळी उलटतो, साखर डोळ्यांकडे वळते, जागा झालेला प्रत्येक डोळा स्वतःचे ऑक्झिन खोडात सोडू लागतो आणि एका फांदीच्या जागी अनेक फुटवे येतात. घाणेरीत अशा डोळ्यांची दाटी खोड आणि मूळ यांच्या सांध्यापाशी, मातीच्या किंचित खाली असते; त्यामुळे कोयता तेथवर पोहोचत नाही आणि आग लावली तरी मातीच्या आवरणाखाली तो सांधा वाचतो.

अमावास्येला तोडलेले झुडूप पुन्हा फुटत नाही असे काही जण सांगतात, परंतु ऑक्झिनच्या वहनाचा तिथीशी काहीही संबंध नाही. खुंटावर मीठ ओतण्याचा समाजमाध्यमांवरील उपाय तर अधिक हानिकारक आहे, कारण ते मीठ मातीत उतरते आणि नंतर तेथे काही लावणेच कठीण होते.

दिल्ली विद्यापीठातील प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरलेली पद्धत नेमकी या सांध्यावर बेतलेली आहे. कुदळीने माती सैल करून मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडायचे, म्हणजे डोळ्यांचा संपूर्ण पट्टा झुडपाबरोबर वर येतो आणि खाली उरलेल्या मुळाला पुन्हा फुटता येत नाही. उपटलेले झुडूप मुळे वर करून उलटे ठेवायचे, कारण फांद्या ओल्या मातीला टेकल्या तर त्यांनाही मुळे फुटतात. हे काम फळे पिकण्यापूर्वी केलेले बरे.

यानंतरचे काम चिकाटीचे आहे. बुलबुल आणि साळुंक्या घाणेरीची काळी फळे खातात आणि विष्ठेतून बिया टाकतात. म्हणून त्यांच्या बसण्याच्या झाडांखाली पहिल्या पावसानंतर रोपे शोधून, माती मऊ असतानाच, हाताने मुळासकट उपटावी लागतात. आमच्या कुंपणापाशी अशी सर्वाधिक रोपे आंब्याच्या झाडाखाली सापडतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत आम्ही आता पवन्या गवताचे ठोंब लावले आहेत.