कर्मचारी स्वास्थ्य कार्यक्रम

कर्मचारी स्वास्थ्य कार्यक्रम : नोकरीच्या ठिकाणी कर्मचाऱ्यांच्या शारीरिक व मानसिक आरोग्याची जपणूक व्हावी, म्हणून मालकाने आखलेली व सातत्याने चालवलेली व्यवस्था. नियतकालिक आरोग्य तपासणी, कँटीनमधील आहार, व्यायामाच्या सोयी, तंबाखूमुक्ती, समुपदेशन आणि पाळ्यांची आखणी हे तिचे नेहमीचे घटक होत. कायद्याने बंधनकारक असलेल्या सोयी आणि मालकाने आपखुशीने सुरू केलेले उपक्रम यांच्या सीमेवर हा विषय येतो आणि ही सीमा देशोदेशी वेगळी आहे. प्रस्तुत नोंदीचा भर भारतातील, त्यातही कारखान्यांतील व्यवस्थेवर आहे.

उगम : या कार्यक्रमाच्या प्रारंभाविषयी एकमत नाही. वैद्यकाच्या इतिहासकारांचा कल इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांच्याकडे जातो. मोदेना येथे १७०० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या व १७१३ मध्ये वाढवलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात त्यांनी कुंभार, छापखान्यातील जुळारी, लेखनिक अशा अनेक व्यावसायिकांच्या व्याधींचे वर्णन केले. वैद्याने रुग्णाला परंपरेने ठरलेल्या प्रश्नांच्या जोडीला ‘तुझा धंदा कोणता’ हेही विचारावे, असा त्यांचा आग्रह होता. मात्र रामात्सीनी यांचे काम रोगाच्या कारणांविषयी आहे. मालकाने चालवलेला कार्यक्रम त्यात नाही. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथे १८०० नंतर रॉबर्ट ओएन यांनी सूतगिरणीच्या वसाहतीत शाळा, घरे व वैद्यकीय मदत यांची व्यवस्था केली. तिला पूर्वज मानणे अधिक योग्य ठरेल.

अमेरिकन लेखनात पुलमन या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कंपनीचा क्रीडासंघ आणि डेटन येथील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीतील कवायतीची मधली सुटी यांचा उल्लेख आरंभीचे प्रयोग म्हणून वारंवार येतो. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील मानले जातात. तथापि वर्षे एका लेखकाकडून दुसऱ्याकडे जशीच्या तशी उतरत आलेली दिसतात, त्यामुळे ती अंदाजे धरावीत. १९४० च्या दशकात तेथील काही मोठ्या उद्योगांनी मद्यासक्त कामगारांसाठी मदत सुरू केली. पुढील काळातील समुपदेशन सेवांचे मूळ तेथे आहे. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर उच्च पातळीची सुस्थिती, ही कल्पना अमेरिकन वैद्य हॅलबर्ट डन यांनी १९५९ च्या सुमारास मांडली. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने १९७९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिव्ह फॉर लाइफ’ या योजनेपासून आजच्या स्वरूपातील कार्यक्रमाची गणना करण्याचा प्रघात आहे. अमेरिकेत कर्मचाऱ्याच्या आरोग्यविम्याचा मोठा भार मालकावर पडतो. कर्मचारी निरोगी राहिला तर विम्याचा खर्च उतरेल, या हिशोबातून तेथील कार्यक्रम वाढले. ज्या देशांत हा हिशोबच लागू नाही तेथे अमेरिकन नमुना जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नसतो.

व्यायामावर भर येण्यामागे मात्र ब्रिटिश संशोधन आहे. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृद्‌रोग कमी होतो, असे तीत आढळले. त्यानंतर मायकेल मार्मट यांच्या व्हाइटहॉल पाहण्यांनी ब्रिटिश सरकारी नोकरांत पदाची श्रेणी जितकी खालची तितका हृद्‌रोगाचा धोका अधिक, हे दाखवले. यातील दुसऱ्या पाहणीने (१९८५ पासून) आपल्या कामावर स्वतःचा ताबा नसणे याकडे लक्ष वेधले. बसगाड्यांवरील पाहणीचा धागा व्यायामशाळांकडे गेला, व्हाइटहॉल पाहण्यांचा धागा बराच काळ दुर्लक्षित राहिला.

जपानची परंपरा स्वतंत्र आहे. तेथे रेडिओवरील कवायत १९२८ पासून सुरू झाली व पुढे कारखान्यांत रुळली. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी ताणतणावाची वार्षिक चाचणी डिसेंबर २०१५ पासून मालकावर बंधनकारक आहे.

भारतीय पूर्वपीठिका : भारतातील कार्यक्रम परदेशी कंपन्यांबरोबर १९९० नंतर आला, असे व्यवस्थापनविषयक लेखनात सर्रास म्हटले जाते. हे नावापुरते खरे आहे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (स्थापना १८७७) जमशेटजी टाटा यांनी १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये व मोफत वैद्यकीय मदत १९१५ मध्ये आली. या सर्व गोष्टी मालकांच्या औदार्यातून झाल्या, असे समजणेही एकांगी होईल. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुटी, दुपारची विश्रांती व दुखापतीच्या काळातील पगार यांची मागणी केली होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली आणि पुढील वर्षीच्या कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटीला स्थान मिळाले. विश्रांती हा आरोग्याचा पहिला घटक मानला, तर भारतातील उगम याच मागण्यांत शोधावा लागतो.

मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला आणि १९३९ च्या सुमारास सरकारी कामगार कल्याण केंद्रे निघाली. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रेगे समितीने १९४६ मध्ये कामगार कल्याणाची जी व्याख्या केली तीत कामगाराच्या बौद्धिक, शारीरिक, नैतिक व आर्थिक उन्नतीसाठी कायद्याने ठरवलेल्या गोष्टींपलीकडे केलेले सर्व काही येते. आजच्या कार्यक्रमांच्या माहितीपत्रकांतील व्याख्या हिच्यापुढे तोकड्या वाटतात. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्यातून आजचे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ उभे राहिले. त्याची केंद्रे, वाचनालये आणि विशेषतः कामगार नाट्यस्पर्धा महाराष्ट्रात सुपरिचित आहेत.

कायद्याची चौकट : कार्यक्रम आखणाऱ्याने प्रथम बंधनकारक काय ते पाहावे. कारखाने अधिनियम, १९४८ नुसार दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी, ५०० हून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका कक्ष (तातडीच्या उपचारांची खोली), २५० हून अधिक असल्यास कँटीन, १५० हून अधिक असल्यास विश्रांतिगृह, ३० हून अधिक स्त्रिया असल्यास पाळणाघर आणि ५०० किंवा अधिक कामगार असल्यास कल्याण अधिकारी आवश्यक होता. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये केलेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची तपासणी कामावर घेण्यापूर्वी, कामावर असताना बारा महिन्यांच्या आत आणि काम सोडल्यानंतरही करण्याची जबाबदारी आली. अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ व्यवसायजन्य रोग असून ते आढळल्यास कळवणे बंधनकारक होते.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने कँटीनची मर्यादा १०० कामगारांवर व कल्याण अधिकाऱ्याची २५० वर आणली. पाळणाघरासाठी आता केवळ स्त्रियांची संख्या न मोजता ५० हून अधिक कामगार हा निकष आहे. ठरावीक वयाच्या वा वर्गाच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी मालकाने विनामूल्य करावी, अशीही तरतूद तीत आहे. कार्यालये व दुकानांसाठी महाराष्ट्रात २०१७ चा स्वतंत्र अधिनियम असून त्यात १०० किंवा अधिक कामगार असल्यास कँटीन व ५० किंवा अधिक असल्यास पाळणाघर सांगितले आहे.

उपचाराचा भाग कर्मचारी राज्य विमा योजनेकडे आहे. ती २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. जुलै २०१९ पासून तिच्यात मालक वेतनाच्या ३.२५ टक्के व कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. २०१७ पासून वेतनमर्यादा २१,००० रुपये होती. या मर्यादेच्या वरचा पर्यवेक्षक खासगी गटविम्यात आणि खालचा कामगार राज्य विम्याच्या दवाखान्यात, अशी विभागणी एकाच छपराखाली होते. कार्यक्रमाची रचना करताना हिचा विसर पडतो.

आखणी : आरंभ बहुधा तपासणी शिबिराने होतो. व्यवसाय वैद्यकाच्या (कामामुळे होणाऱ्या आजारांविषयीच्या वैद्यकाच्या) दृष्टीने हा क्रम उलटा आहे. हजेरीपट, आजारपणाच्या रजा, प्रथमोपचाराची व अपघातांची नोंदवही यांतून विभागवार व पाळीवार चित्र आधी काढावे लागते. एका विभागात कंबरदुखीच्या रजा साठत असतील तर उत्तर योगवर्गात असेल किंवा ओझे उचलण्याच्या उंचीतही असेल. तपासणी कामाशी जुळती हवी : गोंगाटाच्या विभागात (आठ तासांसाठी ९० डेसिबल ही भारतीय नियमांतील मर्यादा) श्रवणमापन, धुळीच्या कामात श्वसनमापन, क्रेन व फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांची दृष्टितपासणी. सर्वांना सरसकट एकच रक्ततपासणी करण्याची पद्धत तपासणी संस्थांच्या सोयीची असते. शिबिरात रक्तदाब वाढलेला आढळला, त्याची नोंद झाली आणि पुढे कोणी विचारले नाही, असे घडल्यास खर्च वाया जातो. म्हणून पाठपुराव्याची तारीख व जबाबदार व्यक्ती तपासणीपूर्वीच ठरवावी.

यासाठी व्यवसाय वैद्यकात प्रशिक्षित डॉक्टर लागतो. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत तीन महिन्यांचा औद्योगिक आरोग्याचा अभ्यासक्रम चालतो. संशोधनासाठी अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. देखरेख समितीत कामगार प्रतिनिधी, कँटीनचा ठेकेदार व रातपाळीचा माणूस असावा. तिन्ही पाळ्या आळीपाळीने करणाऱ्याला सकाळी सहाचा प्राणायाम वर्ग निरुपयोगी असतो. आयुष मंत्रालयाची पाच मिनिटांची ‘वाय-ब्रेक’ ही योगविश्रांती बैठ्या कार्यालयात सहज बसते; चालत्या असेंब्ली लाइनवर ती घ्यायची तर लाइन थांबवण्याचा निर्णय उत्पादन विभागाला घ्यावा लागतो.

तंबाखूचे उदाहरण बोलके आहे. सार्वजनिक व कामाच्या ठिकाणची धूम्रपानबंदी २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहे आणि बहुतेक कार्यक्रमांत सिगारेट सोडवण्याचा घटक परदेशी नमुन्यावरून आलेला असतो. महाराष्ट्रात मात्र २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ सुमारे ४ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे सुमारे २४ टक्के आढळले. मळलेला तंबाखू, मिश्री व गुटखा (राज्यात २०१२ पासून बंदी) यांचा प्रश्न धूम्रपानाच्या फलकाने सुटत नाही. दंतवैद्याकडून होणारी तोंडाची तपासणी येथे अधिक उपयोगी मानली जाते.

परिणामकारकता : येथे विद्वानांत तीव्र मतभेद आहेत. बेकर, कटलर व साँग या अमेरिकन संशोधकांनी २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून, कार्यक्रमावरील प्रत्येक डॉलरमागे वैद्यकीय खर्चात सुमारे ३.२७ डॉलर व गैरहजेरीच्या खर्चात सुमारे २.७३ डॉलर वाचतात, असा निष्कर्ष काढला. हे आकडे विक्रेत्यांच्या सादरीकरणांत अजून फिरतात. अडचण अशी की, मूळ अभ्यासांपैकी बऱ्याच ठिकाणी सहभागी व असहभागी कर्मचाऱ्यांची तुलना होती आणि जे आधीच तब्येत राखतात तेच अशा उपक्रमांत पुढे येतात. इलिनॉय विद्यापीठातील सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवरील यादृच्छिक प्रयोगात (कार्यक्रम कोणाला मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवणाऱ्या) हा निवडीचा दोष उघड झाला. साँग व बेकर यांनीच पुढे एका घाऊक विक्री साखळीतील सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर असा प्रयोग केला. २०१९ मधील त्यांच्या निष्कर्षांनुसार अठरा महिन्यांनंतर नियमित व्यायाम करतो असे सांगणारे वाढले. पण रक्तदाब, वजन, खर्च व गैरहजेरी यांत लक्षणीय फरक पडला नाही. पूर्वीच्या निष्कर्षाच्या दोन लेखकांनी स्वतःच उलट पुरावा पुढे आणला, याला वजन द्यावयास हवे. विल्यम फ्लेमिंग यांच्या २०२४ मधील ब्रिटिश विश्लेषणात (सुमारे ४६,००० कर्मचारी) वैयक्तिक स्तरावरील ताणमुक्ती उपक्रमांत भाग घेणाऱ्यांची मनःस्थिती इतरांपेक्षा बरी आढळली नाही. हा अभ्यास यादृच्छिक नसल्याने त्यावरून कारणसंबंध सिद्ध होत नाही.

भारतीय पुरावा थोडा वेगळा आहे. प्रभाकरन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा उद्योगांतील कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी काही वर्षे हृद्‌रोगप्रतिबंधक कार्यक्रम राबवला गेला. रक्तदाब, रक्तशर्करा व कोलेस्टेरॉल यांच्या सरासरीत सुधारणा दिसली. तुलनेसाठी एकच ठिकाण होते, ही त्याची मर्यादा. तरी येथे कुटुंबीयांचा समावेश होता आणि बदल नुसत्या उपदेशावर सोडलेला नव्हता. अमेरिकन प्रयोगांतील अपयशाशी त्याची तुलना करताना हा फरक लक्षात घ्यावा, असे प्रस्तुत नोंदकारास वाटते.

गोपनीयता : तपासणीचा तपशील मनुष्यबळ विभागाकडे जाऊ नये, त्याला फक्त ‘कामास योग्य’ वा ‘अटींसह योग्य’ एवढेच कळावे, हा संकेत व्यवसाय वैद्यकात दृढ आहे. २०१७ च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यास मनाई केली. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. मानसिक आरोग्याच्या बाबतीत कर्मचारी कंपनीच्या समुपदेशकाकडे जाण्यास कचरतात. कंपनीशी संबंध नसलेली दूरध्वनीवरून समुपदेशन करणारी सरकारी ‘टेलि-मानस’ सेवा (क्रमांक १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून) फलकावर लावणे हा कमी खर्चाचा पर्याय आहे.

व्याप्ती : वरील सर्व विवेचन एक मालक, एक आवार व पक्का हजेरीपट गृहीत धरते. कंत्राटी कामगार बहुधा या चौकटीबाहेर राहतात. साफसफाई, सुरक्षा व मालचढाई ही आरोग्यास अधिक जोखमीची कामे त्यांच्याकडेच असतात. एकच मालक नसलेल्यांसाठी महाराष्ट्रात १९६९ च्या माथाडी कायद्याने वेगळी वाट काढली. नोंदणीकृत मालकांकडून मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही (सक्तीची वर्गणी) घेऊन माथाडी मंडळ ती भविष्यनिर्वाह निधी, सुट्या व वैद्यकीय सोयी यांवर खर्च करते. नवी मुंबईत कोपरखैरणे येथील माथाडी रुग्णालय याच कामगारवर्गासाठी उभे राहिले.