पर्यावरणीय आरोग्य-जोखमीचे मूल्यांकन

हवा, पाणी, माती व अन्न यांतून शरीरात जाणाऱ्या घातक घटकांमुळे माणसांना कोणता अपाय होऊ शकतो आणि तो होण्याची शक्यता किती, याचा उपलब्ध पुराव्यांवरून अंदाज बांधण्याची ही शास्त्रीय पद्धत आहे. यात ‘धोका’ म्हणजे पदार्थाच्या अंगची अपायक्षमता, तर ‘जोखीम’ म्हणजे प्रत्यक्ष संपर्कातून तो अपाय घडण्याची शक्यता. हा भेद सुटला की पुढचे सारे गणित चुकते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ मध्ये या पद्धतीचे चार टप्पे मांडले : धोक्याची ओळख, मात्रा व परिणाम यांचा संबंध, संपर्काचे मापन आणि जोखमीचे वर्णन. यांपैकी दुसरा टप्पा सर्वांत वादाचा आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत ज्या मात्रेपर्यंत अपाय आढळत नाही, तिला सामान्यतः १०० ने भागून माणसासाठी सुरक्षित मात्रा ठरवतात; त्यात प्राणी व माणूस यांच्यातील फरकासाठी १० आणि माणसामाणसांतील फरकासाठी १० असे गुणक धरलेले असतात. जनुकांना इजा करून कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांबाबत मात्र अशी निर्धोक मर्यादा सहसा गृहीत धरत नाहीत. शिशाची सुरक्षित मात्राही आजवर आढळलेली नाही.

संपर्क मोजताना सरासरी प्रौढ माणूस डोळ्यांसमोर ठेवण्याची सवय घातक ठरते. पाण्यात लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल, तर रोज दोन लिटर पाणी पिणाऱ्या ६० किलो वजनाच्या प्रौढाच्या शरीरात किलोमागे सुमारे १.७ मायक्रोग्रॅम आर्सेनिक जाते. एक लिटर पिणाऱ्या १० किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात मात्र किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिप्पट. पाणी एकच असले, तरी जोखीम एक नसते. शिवाय रांगणारी मुले हात तोंडात घालतात, त्यामुळे धुळीतले शिसेही त्यांच्या पोटात जाते.

पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकसाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले आहे. पाणी शुद्ध करण्यातील व्यावहारिक अडचणी लक्षात घेऊन ते तात्पुरते म्हणून ठरवलेले असल्याने त्याखालचे पाणी पूर्णतः निर्धोक आहे, असा त्याचा अर्थ काढणे चूक आहे. म्हणूनच अंतिम वर्णनात एकाच आकड्याऐवजी अंदाजाची व्याप्ती, धरलेली गृहीतके आणि अधिक जोखमीचे गट स्पष्टपणे नोंदवावे लागतात. अनेक प्रदूषकांचा एकत्रित परिणाम मात्र एकेका पदार्थाच्या अशा मूल्यांकनातून अजूनही बव्हंशी निसटतो.