जुन्या मोटरसायकलींची अश्वशक्ती आणि पाव मैलाची साक्ष : पार्श्वभूमी

यामाहाच्या जुन्या आरडी 350 मोटरसायकलच्या किमतीची बोलणी असोत किंवा आरएक्स 100 चे इंजिन नव्याने बांधायला काढलेले असो, ‘बीएचपी किती?’, म्हणजे अश्वशक्ती किती, हा प्रश्न आल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर बहुधा चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या माहितीपत्रकातून दिले जाते आणि लगेच आजच्या एखाद्या गाडीच्या आकड्याशेजारी ठेवले जाते. ही तुलना बहुतेक वेळा फसते, कारण ते दोन आकडे इंजिनाच्या वेगवेगळ्या टोकांवर, वेगवेगळ्या नियमांनी आणि वेगवेगळ्या हेतूंनी मोजलेले असतात. जुन्या गाड्यांच्या बाबतीत माहितीपत्रकापेक्षा पाव मैलाच्या धावेची (उभ्या गाडीने सुटून तेवढे अंतर पार करण्याची) नोंद अधिक भरवशाची का ठरते, हे समजून घ्यायचे तर हे आकडे कसे जन्माला आले ते पाहावे लागते.

अश्वशक्तीच्या एककातच थोडा फरक आहे. ब्रिटिश अश्वशक्ती 745.7 वॅटची, तर युरोपात आणि जपानमध्ये रूढ झालेली मेट्रिक अश्वशक्ती 735.5 वॅटची असते. हा फरक दीड टक्क्याहूनही कमी असल्याने त्यावरून फार वाद होण्याचे कारण नाही.

पाव मैल, म्हणजे 402 मीटर, हे अंतर दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत पक्के झाले. युद्धासाठी बांधलेल्या धावपट्ट्या ओस पडल्या होत्या आणि रस्त्यावर शर्यती लावणाऱ्या तरुणांना तिकडे वळवणे पोलिसांनाही सोयीचे होते. 1950 च्या सुमारास कॅलिफोर्नियात नियमित ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे अशा धावांची सरळ पट्टी, सुरू झाली आणि 1960 च्या दशकात दिव्यांच्या खांबावरून सुटण्याची इशारत देण्याची पद्धत आली. त्या काळात वेगाची मक्तेदारी ब्रिटिश गाड्यांकडे होती. 1948 च्या व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोची 998 सीसीला 55 आणि 1959 च्या ट्रायम्फ बॉनव्हिलची 650 सीसीला 46 अश्वशक्ती सांगितली जात असे. हे आकडे बहुतांशी कारखान्याच्या शब्दावर स्वीकारले गेले आणि त्यांच्याबद्दल आजही फारसा वाद होत नाही.

खरा गुंता 1969 पासून सुरू होतो. त्या वर्षी बाजारात आलेल्या दोन जपानी गाड्यांनी आकड्यांची सगळी गणितेच बदलून टाकली. होंडा सीबी 750 ही चार सिलिंडरांची फोर-स्ट्रोक गाडी होती आणि तिची जाहीर शक्ती 67 अश्वशक्ती होती. कावासाकी एच 1 ही तीन सिलिंडरांची 500 सीसी टू-स्ट्रोक गाडी होती आणि जवळजवळ दीडपट मोठ्या इंजिनासमोर तिने 60 अश्वशक्तीचा दावा केला. पाव मैलासाठी कंपनीने 12.4 सेकंद सांगितले. नियतकालिकांच्या चाचण्यांत मात्र ही गाडी 13 सेकंदांच्या थोडे पुढे रेंगाळली आणि पट्टीच्या शेवटी तिचा वेग ताशी 100 मैलांच्या आसपास मोजला गेला. सीबी 750 सुद्धा साडेतेरा सेकंदांच्या आतबाहेर, जवळपास त्याच वेगाने शेवटाला पोहोचत होती.

इथे पट्टीवरच्या दोन नोंदींमधला फरक लक्षात घेतला पाहिजे. लागलेला वेळ स्वारावर, क्लच सोडण्याच्या त्याच्या हातोटीवर, टायरच्या पकडीवर आणि पुढचे चाक किती उचलते यावर अवलंबून असतो. एच 1 चे वजन मागे झुकलेले आणि शक्ती एकदम उसळणारी असल्याने सुटतानाच तिचे पुढचे चाक वर येई, थ्रॉटल आवळावा लागे आणि पहिल्या वीस मीटरांतच अर्धा सेकंद हातचा जाई. शेवटच्या काही मीटरांत मोजलेला वेग मात्र या चुका बऱ्याच अंशी पोटात घालतो आणि इंजिनाने एकूण किती काम केले ते सांगतो. म्हणून ड्रॅगच्या लोकांत एक सूत्र रूढ आहे : अश्वशक्तीला गाडी आणि स्वार यांच्या पौंडांतील एकत्रित वजनाने भागावे, येणाऱ्या संख्येचे घनमूळ काढावे आणि त्याला 234 ने गुणावे, म्हणजे शेवटचा वेग ताशी मैलांत मिळतो. हेच सूत्र उलटे चालवले की वेगावरून शक्तीचा अंदाज येतो. पेट्रोलसह एच 1 आणि स्वार मिळून 260 किलो धरले, तर 100 मैलांच्या वेगासाठी सुमारे 45 अश्वशक्ती पुरते. सीबी 750 आणि स्वार मिळून 305 किलो धरले, तर सुमारे 52 लागते. दोन्ही गाड्यांची जाहीर आणि प्रत्यक्ष शक्ती यांत मोठी दरी आहे आणि कावासाकीची दरी होंडापेक्षा थोडी रुंद आहे.

ही दरी म्हणजे निव्वळ थापेबाजी, असे म्हणणे अन्यायाचे होईल. माहितीपत्रकातील आकडा क्रँकवर (इंजिनातून शक्ती बाहेर येणाऱ्या दांड्यावर), म्हणजे इंजिन गाडीतून काढून चाचणीच्या टेबलावर ठेवून मोजलेला असे. क्रँकपासून मागच्या चाकापर्यंत प्रायमरी (क्रँकपासून क्लचपर्यंतची जोडणी), क्लच, गिअर आणि चेन यांत काही शक्ती खर्च होतेच. शिवाय त्या काळच्या ‘ग्रॉस’ पद्धतीत एअर फिल्टर, सायलेन्सर आणि डायनॅमोचा भार बाजूला ठेवून मोजणी करता येत असे. गाडीवर बसवलेले सगळे सामान जोडून मोजण्याची जर्मन पद्धत अधिक कडक होती. अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत 1972 च्या मॉडेलपासून ‘नेट’ पद्धत आली आणि तीच इंजिने एका वर्षात कागदावर दुबळी झाली. मोटरसायकलींच्या माहितीपत्रकांत असा स्पष्ट खंड कधी पडलाच नाही. त्यामुळे 1970 चा आकडा कोणत्या पद्धतीचा आणि 1980 चा कोणत्या, हे एकेका मॉडेलपुरते शोधावे लागते.

मागच्या चाकावर थेट शक्ती मोजणारे डायनो 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वस्त झाले आणि गॅरेजांत पोहोचले, तेव्हा हा गुंता सुटेल अशी आशा होती. झाले उलटेच. या नव्या यंत्रात मागचे चाक एका जड पोलादी ड्रमवर ठेवले जाते, थ्रॉटल पूर्ण उघडला जातो आणि ड्रम किती झपाट्याने वेग घेतो त्यावरून शक्ती काढली जाते. ड्रमचे जडत्व माहीत असते. पण इंजिनाला ड्रमबरोबर आपला क्रँक, क्लच, गिअर आणि मागचे चाकही फिरवावे लागते, आणि त्यांचे जडत्व प्रत्येक गाडीत निराळे असते. त्यासाठी आकड्यात काही भर घालायची की नाही, आणि घालायची तर किती, हा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांसमोर होता. धंद्यातल्या लोकांत अशी हकिगत सांगितली जाते, की कसोटीला यामाहाची 1985 ची व्ही-मॅक्स घेतली होती, तिची जाहीर शक्ती 145 होती आणि निव्वळ ड्रमच्या गणिताने येणारा आकडा इतका कमी होता की गिऱ्हाइकाला तो पटलाच नसता. शेवटी बऱ्याच चर्चेनंतर मधला एक आकडा मान्य करून यंत्राचे गणित त्याच्याशी जुळवले गेले. या हकिगतीचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण चाकाला ब्रेकसारखा भार देऊन मोजणाऱ्या डायनोपेक्षा ड्रमचे डायनो साधारणपणे वरचा आकडा दाखवतात, हा अनुभव दोन्ही यंत्रे वापरणाऱ्यांना रोजचा आहे.

माझ्या मते जुन्या गाड्यांच्या इतिहासाला सर्वांत जास्त धक्का याच निर्णयाने दिला. वर आलेला आकडा हा त्यातला लहान दोष आहे. मोठा दोष असा, की एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राच्या आकड्याशेजारी ठेवण्याची सवय लागली आणि त्यामागची गृहीतके विस्मरणात गेली. हवामानाची दुरुस्ती हा त्यातलाच आणखी एक पदर आहे. जुन्या मानकात हवा 15.5 अंश तापमानाची आणि समुद्रसपाटीच्या दाबाची धरली जाते, नव्या मानकात 25 अंशांची आणि थोड्या कमी दाबाची. एकाच धावेचा आकडा या दोन मानकांत सुमारे चार टक्क्यांनी वेगळा छापून येतो. टू-स्ट्रोकच्या बाबतीत तर सायलेन्सर किती तापला आहे यावरूनही आलेख सरकतो, कारण एक्स्पान्शन चेंबरमधल्या (टू-स्ट्रोकच्या फुगीर एक्झॉस्ट नळीतल्या) वायूचे तापमान बदलले की त्यातल्या दाबलहरी परत येण्याची वेळ बदलते. ड्रमवर काही सेकंदांत उरकलेली धाव आणि भाराखाली टप्प्याटप्प्याने घेतलेली मोजणी म्हणूनच टू-स्ट्रोकमध्ये विशेष फटकून राहतात.

दरम्यान आकडा राजकीयही होत गेला. पश्चिम जर्मनीत विम्याचे दर अश्वशक्तीच्या टप्प्यांवर ठरत, म्हणून नेमक्या 27 आणि 50 अश्वशक्तीच्या गाड्या तिथे मुबलक दिसत. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथे 100 अश्वशक्तीची स्वेच्छेने पाळायची मर्यादा आली. जपानमध्ये 250 सीसीला 45, 400 ला 59 आणि 750 ला 77 अशा मर्यादा उत्पादकांनी आपसांत मान्य केल्या. परिणामी एकाच वर्गातल्या चारही जपानी कंपन्यांच्या गाड्या कागदावर अगदी सारख्या झाल्या आणि पट्टीवर त्यांच्यात फरक पडत राहिला. साठीच्या दशकात फुगवलेला आकडा ऐंशीच्या दशकात काही ठिकाणी मुद्दाम दाबलेला असतो. जुन्या गाड्यांची तुलना करताना ही उलटापालट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते.

आपल्याकडचा वाद आरडी 350 चा आहे. यामाहाची परदेशातली आरडी 350 बी 39 अश्वशक्तीची होती. 347 सीसी, दोन सिलिंडर, रीड व्हॉल्व्ह आणि सहा गिअर असलेली ही गाडी तिथल्या चाचण्यांत 14 सेकंदांच्या आसपास पाव मैल पार करत असे. 1983 मध्ये ती राजदूत 350 म्हणून भारतात आली, तेव्हा पेट्रोलचा खप कमी व्हावा म्हणून तिची शक्ती 30.5 वर आणली गेली. काही वर्षांनी आलेल्या पुढच्या आवृत्तीत ती आणखी घटून 27 झाली. या दोन आवृत्त्यांना गॅरेजांत आजही ‘हाय टॉर्क’ आणि ‘लो टॉर्क’ म्हणतात. पुढची डिस्क ब्रेकही गेली आणि तिच्या जागी ड्रम आला.

या कपातीने पट्टीवर काय फरक पडला असता, हे वरच्या सूत्राने काढता येते. सगळे आकडे एकाच पद्धतीचे आणि वजन तेवढेच धरले, तर 39 वरून 30.5 म्हणजे शक्तीत 22 टक्के घट होते. घनमुळाच्या नियमाने शेवटचा वेग सुमारे आठ टक्क्यांनीच उतरतो आणि वेळ साधारण सव्वा सेकंदाने वाढतो. 27 च्या आवृत्तीला पावणेदोन सेकंद जास्त लागतात. म्हणजे कागदावर जवळजवळ एक तृतीयांश शक्ती कमी दिसणारी गाडी त्या काळातल्या भारतीय रस्त्यावर तरीही सर्वांच्या पुढेच होती. 350 सीसीच्या बुलेटची जाहीर शक्ती तेव्हा 18 होती. मायलेजसाठी शक्ती कापण्याचा निर्णय तरीही चुकीचाच वाटतो, कारण मायलेज पाहून गाडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाने ती घेतली नाही आणि जो घेणार होता त्याची निराशा झाली. एवढ्या वेगाच्या गाडीची डिस्क काढणे तर अजिबात समर्थनीय नव्हते. उत्पादन दशकाअखेर थांबले.

त्यानंतरची कहाणी मिस्त्रींच्या हातची आहे. एक्झॉस्ट पोर्टची (सिलिंडरमधून धूर बाहेर जाण्याच्या छिद्राची) वरची कड कानशीने घासून उंच केली गेली, परदेशी सिलिंडर मागवले गेले, कार्बोरेटरचे जेट (पेट्रोलचे प्रमाण ठरवणारी बारीक छिद्रे) आणि चेन-स्प्रॉकेटचे दात बदलले गेले, एक्स्पान्शन चेंबर बसले. 1985 साली आलेल्या 98 सीसी, 11 अश्वशक्तीच्या आरएक्स 100 वर हेच प्रयोग त्याहून मोठ्या प्रमाणावर झाले, कारण शंभर किलोच्या आसपास वजनामुळे तिचा पिकअप आधीच दांडगा होता आणि सुटे भाग गावोगावी मिळत. 1996 मध्ये तिचे उत्पादन थांबल्यावर भाव चढत गेले. पण कारखान्यातून निघालेल्या स्थितीतली, पोर्टला कानस न लागलेली गाडी आज शोधून सापडत नाही. आज डायनोवर चढणाऱ्या बहुतेक आरडी आणि आरएक्स या अशा घडवलेल्या गाड्या आहेत आणि त्यांच्या आकड्यांवरून मूळ गाडीबद्दल निष्कर्ष काढले जातात, हे खेदाचे आहे.

गेल्या दशकभरात लोणावळ्याच्या पुढे डोंगरमाथ्यावरच्या खासगी धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती भरू लागल्या आणि जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना पुन्हा मोजले जाण्याची संधी मिळाली. तिथल्या नोंदी परदेशी जुन्या नोंदींशी ताडताना दोन गोष्टी धराव्या लागतात. पहिली उंचीची. उदाहरणार्थ, पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर असल्याने तिथला हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो, कार्बोरेटरच्या इंजिनाची शक्ती जवळपास तेवढीच घटते आणि मुंबईच्या हवेला लावलेला मुख्य जेट घाटावर जास्त पेट्रोल पाजतो. शेवटच्या वेगात ही घट दोन टक्क्यांच्या आसपास दिसते. दुसरी गोष्ट मोजणीची. 1989 पर्यंत अमेरिकेतल्या पट्ट्यांवर वेग मोजणारे किरण अंतिम रेषेच्या 66 फूट अलीकडे आणि 66 फूट पलीकडे असत, म्हणून तेव्हाचे वेग आजच्यापेक्षा किंचित जास्त नोंदले जात. सुरुवातीच्या किरणातून चाक बाहेर पडेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही, त्यामुळे साधारण एक फूट अंतर गाडीला फुकट मिळते. ही सवलत ज्या चाचणीत नव्हती तिच्याशी सेकंदाच्या दशांशांची तुलना करता येत नाही. धावेच्या चिठ्ठीवर वेळ आणि वेगाबरोबर स्वाराचे वजन, स्प्रॉकेटचे दात, जेटचा क्रमांक, तापमान आणि हवेचा दाब लिहिला, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदीशी तिची सांगड घालता येते.