सामोआ की अमेरिकन सामोआ? नावं सारखी, सहली वेगळ्या

कुणी ‘सामोआला जायचंय’ म्हणालं, की आधी विचारावं, ‘कुठल्या?’ १८९९ च्या करारानंतर प्रशांत महासागरातली ही बेटं जर्मनी आणि अमेरिकेत वाटली गेली. पश्चिमेकडची पुढे न्यूझीलंडकडे गेली आणि १९६२ मध्ये स्वतंत्र झाली. तोच आजचा सामोआ देश, राजधानी अपिया. पूर्वेकडची बेटं आजही अमेरिकेच्या ताब्यात आहेत आणि तिथलं मुख्य गाव पागो पागो. भाषा दोन्हीकडे एकच, नातीगोतीही एकमेकांत गुंतलेली. पण पर्यटकाच्या हाती लागतं ते मात्र वेगळं.

निवांत सुट्टी हवी असेल तर माझं मत सामोआला. उपोलु बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘तो सुआ’ नावाची जागा आहे: सुमारे ३० मीटर खोल, गोल खड्डा, तळाशी समुद्राचं हिरवंनिळं पाणी. लाकडी शिडीने उतरायचं आणि पोहायचं. उतरताना शिडी जितकी उभी वाटते, चढताना त्याहून जास्त वाटते! पूर्वेच्या टोकाला लालोमानुचा किनारा. तिथे ‘फाले’त राहावं, म्हणजे छप्पर, गादी, मच्छरदाणी आणि भिंतींच्या जागी खाली सोडायचे पडदे. रात्रीचं जेवण आणि नाश्ता बहुधा भाड्यातच येतो. अपियाजवळ वायलिमाला लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं घर आहे, आता तिथे संग्रहालय आहे. त्याची समाधी मागच्या वाएआ डोंगरावर. चढ घामटा काढतो, म्हणून सकाळीच उरकावा.

फेरीबोटीने सवाई बेटावर जरूर जा. १९०५ ते १९११ या काळात मातावानु ज्वालामुखीने इथली गावं गिळली. सालेआउलाला चर्चच्या भिंतींत शिरलेला, थिजलेला लाव्हा अजून दिसतो. तागा गावाजवळ खडकांतल्या भोकांतून समुद्र कारंज्यासारखा उसळतो. स्थानिक लोक त्यात नारळ टाकतात आणि तो आकाशात उडवून दाखवतात. अशा जागा बहुतेक गावांच्या मालकीच्या असतात, प्रवेशाचे पैसे रोख द्यावे लागतात. खिशात सुट्टे ताला (सामोआचं चलन) ठेवा.

अमेरिकन सामोआ हा डोंगर तुडवणाऱ्यांचा प्रदेश. तुतुइला, ताऊ आणि ओफू या तीन बेटांवर पसरलेलं राष्ट्रीय उद्यान हेच तिथलं मुख्य आकर्षण: घनदाट पाऊसवन, दिवसाढवळ्या उडणारी मोठी वटवाघळं, प्रवाळ. आलावा डोंगराच्या वाटेवरून पागो पागोचं खोल बंदर दिसतं. त्याच बंदरावर टुना माशाचा कारखाना आहे, वारा फिरला की वासही येतो. ओफूचा किनारा दोन्ही सामोआंत सर्वांत देखणा म्हणतात, पण तिथली छोटी विमानं आणि बोटी फार भरवशाच्या नाहीत. मोजके दिवस असतील तर त्या फंदात पडू नये.

अमेरिकन सामोआत व्यवहार डॉलरमध्ये, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने. सामोआत २००९ पासून डाव्या बाजूने. अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहू नका; अमेरिकन सामोआचे प्रवेशाचे नियम स्वतःचे आहेत.

खरी गंमत तारखेची. २०११ च्या अखेरीस सामोआने ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि वाररेषेच्या, म्हणजे तारीख जिथे बदलते त्या रेषेच्या, पलीकडे उडी मारली; अमेरिकन सामोआ जागीच राहिला. त्यामुळे दोन्ही सामोआंमधल्या तासाभराच्याही आतल्या विमानप्रवासात एक दिवस पुढेमागे होतो. हॉटेलच्या तारखा दोनदा तपासा, आणि अपियाहून सोमवारी निघू नका. पलीकडे उतराल तेव्हा पुन्हा रविवार असेल आणि रविवारी दोन्ही सामोआंत बहुतेक दुकानं बंद.