छोटे स्पीकर घेताय? आधी गळा ऐका, बासचं नंतर बघू

बुकशेल्फ म्हणजे छोटे स्पीकर बघायला आमच्या दुकानात येणारे बरेच जण आत आल्या आल्या विचारतात, याला बास किती आहे? आणि आम्ही त्यांना खुर्चीत बसवून आधी साधं तानपुऱ्यावरचं गाणं लावतो. कारण गाणं राहतं ते मिडरेंजमध्ये, म्हणजे मधल्या सुरांत. काळी एकला गाणाऱ्या बुवांचा सा साधारण १३९ हर्ट्झला, काळी चारला गाणाऱ्या बाईंचा २०८ च्या आसपास, आणि शब्द कळतात ते त्याच्या वर, तीन-साडेतीन हजारापर्यंत. जुन्या लँडलाईनवरून फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झच जायचं, तरी पलीकडे आई आहे की मावशी हे 'हॅलो'लाच कळायचं की नाही?

म्हणजे पाच इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणारा मोठा पडदा) डबा ६० हर्ट्झपर्यंत जरी खाली गेला तरी त्याच बुवांचा खर्जातला सा (६९ हर्ट्झ) सुद्धा त्यात मावतो. पखवाज आणि डग्ग्याचा घुमारा थोडा हलका वाटेल, आणि डीजेवाली गाणी आवडत असतील तर वेगळा सबवूफर (फक्त खोल बाससाठीचा स्पीकर) लागेल, उगाच खोटं कशाला सांगा.

बीबीसीने हेच केलं होतं. १९७० च्या दशकात त्यांना बाहेरच्या रेकॉर्डिंगच्या गाडीत, जिथे मोठा मॉनिटर स्पीकर मावत नाही तिथे, आवाज तपासायला छोटा स्पीकर हवा होता, त्यातून एलएस३/५ए आला. केईएफ कंपनीचा पाच इंची वूफर, पाऊण इंची ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा), प्लायचा बंद डबा, उंची जेमतेम एक फूट. खोल बास नाहीच, सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या पॉवरला किती मोठ्याने वाजतो ते) ८३ डीबीच्या आसपास म्हणजे अ‍ॅम्पला (अ‍ॅम्प्लिफायरला) घाम फोडणारी, पण आजही लोक त्याची जुनी जोडी शोधत फिरतात ते गळ्यासाठीच.

आता ऐकायचं कसं. या छोट्या स्पीकरमध्ये वूफरकडून ट्वीटरकडे काम जातं ते बहुतेक वेळा २ ते ३ हजार हर्ट्झला, आणि आपला कान नेमका तिथेच सगळ्यात तिखट असतो, त्यामुळे सांधा नीट जुळला नसेल तर लगेच खुपतं. बाईंचा आवाज तार सप्तकात गेला की अचानक टोचायला लागतो का बघा. 'स' आणि 'श' कुकरच्या शिट्टीसारखे येतात का? पुरुषाचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटला तर डबा पातळ आहे, बाजूला बोटाने टकटक करा, भरीव 'टक' यायला हवं, पत्र्यासारखं 'ढब्ब' नको. आमची आवडती परीक्षा म्हणजे तानपुऱ्याची जवारी, तारेचा तो झणझणता गुंजारव. चांगल्या मिडमध्ये ती तार छेडल्यानंतर फुलत जाते, वाईटमध्ये नुसती गुणगुण.

एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत (आम्ही सांगतोय, मग विसरू नका). दोन जोड्या ऐकताना जी जराशी मोठ्याने वाजते ती चांगलीच वाटते, त्यामुळे दोन्हींचा आवाज सारखा करून मागा, कुठेही गेलात तरी.

अ‍ॅम्पबद्दल थोडक्यात, पीएमपीओचे (क्षणभराचा फुगवलेला आकडा) हजारो वॅट विसरा, आरएमएस (सतत देऊ शकेल ती पॉवर) विचारा. ८३ डीबीच्या स्पीकरला ८६ वाल्याइतकंच वाजवायला दुप्पट पॉवर लागते. अ‍ॅम्प लहान असेल तर ८ ओहमची जोडी घ्या, ४ ओहमवर तो तापतो.

आणि घरी नेल्यावर कृपा करून टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबू नका. इतके पैसे घालून आणलेला स्पीकर कपाटात गेला की गळा घशात अडकल्यासारखा येतो, मग फोन येतो की तुमच्याकडे छान वाजत होता. स्टँडवर ठेवा, ट्वीटर कानाच्या उंचीला, भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे (मागे पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असेल तर नक्कीच), आणि दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढ्यावरच तुम्ही बसा, आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सहा-सात फूट पुरतं. खाली नुसत्या टाईल्स असतील तर एक सतरंजी टाका, फरक ऐकू येईल. गायक मधोमध दिसायच्या ऐवजी खोलीभर पसरला आणि बासही गेला तर एका बाजूची लाल-काळी वायर उलटी लागलीय. केबल साधी तांब्याची १४ किंवा १६ गेजची पुरे, महाग केबल आम्हीही विकतो पण त्याचे पैसे आधी स्टँडला घाला.

जुनी जोडी घेत असाल तर वूफरच्या कडेची रिंग फोमची की रबराची ते बघून घ्या. फोम आपल्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो, कोकणात तर विचारूच नका. ती बदलून मिळते, पण किंमत ठरवताना तो खर्च धरा.

येताना तुमचा अ‍ॅम्प आणि पाठ असलेली दोन-तीन गाणी पेनड्राइव्हवर घेऊन या. रविवारी फार गर्दी असते, मधल्या वारी दुपारी आलात तर तासभर निवांत ऐकता येईल.