प्रकाशसक्रिय औषधांनी अपस्माराचे नियंत्रण

अपस्माराचा झटका अनेकदा मेंदूच्या एका लहानशा भागात उगम पावतो आणि बहुधा एक-दोन मिनिटांत ओसरतो. त्यावरचे औषध मात्र रक्तातून सबंध मेंदूत आणि शरीरात दिवसरात्र फिरत राहते. गुंगी, तोल जाणे, विचारांना येणारा मंदपणा हे त्रास बऱ्याच अंशी या विसंगतीतून येतात. औषध शरीरात निष्क्रिय ठेवायचे आणि झटका येईल तेव्हा, फक्त उगमस्थानावर प्रकाश टाकून ते जागे करायचे, असा या उपचारामागचा विचार आहे. या शाखेला प्रकाश-औषधशास्त्र म्हणता येईल. काम अजून प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर चालू आहे. माणसांतील अपस्मारासाठी असे एकही औषध मान्यताप्राप्त नाही.

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांचे झटके उपलब्ध औषधांनी पुरते आटोक्यात येत नाहीत. उगमस्थान शस्त्रक्रियेने काढून टाकता येते, पण ते वाचा, स्मृती किंवा हालचालींच्या केंद्राला चिकटून असेल तर तीही वाट बंद होते. या रुग्णांसाठीच हे संशोधन मोलाचे आहे.

प्रकाशाने औषध जागे करण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिलीत औषधाच्या रेणूला एक रासायनिक गट जोडून त्याचे कार्य रोखले जाते. ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडला की बंध तुटतो आणि औषध मोकळे होते. यांना ‘पिंजऱ्यातले रेणू’ म्हणतात. १९७८ साली कॅप्लान, फोर्बुश आणि हॉफमन यांनी पेशीतील सोडियम पंपाच्या अभ्यासासाठी एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू असा कोंडला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. एकदा उघडलेला पिंजरा पुन्हा बंद होत नाही. दुसऱ्या पद्धतीत रेणूतच एक कळ बसवलेली असते, बहुधा अ‍ॅझोबेंझीनची. एका रंगाच्या प्रकाशात हा सरळ रेणू वाकतो, दुसऱ्या रंगात किंवा नुसत्या उष्णतेने पुन्हा सरळ होतो. ग्राहीत, म्हणजे पेशीवरच्या ज्या प्रथिनाला औषध चिकटते त्यात, तो एकाच आकारात नीट बसतो. म्हणजे औषध चालू करता येते तसे बंदही करता येते.

अपस्मारासाठी सर्वांत आधी नजर गेली ती गाबावर. गाबा हा मेंदूचा स्वतःचा लगाम आहे: तो ग्राहीला चिकटला की क्लोराइडच्या वाहिन्या उघडतात आणि मज्जापेशी शांत होते. रुथेनियम धातूच्या संयुगात कोंडलेला गाबा निळ्या प्रकाशाने सुटतो. स्टीव्हन रॉथमन, राफाएल युस्ते आणि सहकाऱ्यांनी तो उंदरांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर वापरला आणि प्रकाश टाकून झटके लवकर थांबवून दाखवले. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, तरी ते झटके निरोगी प्राण्यात ४-अमिनोपिरिडीन या रसायनाने मुद्दाम आणलेले होते. वर्षानुवर्षे मुरलेला माणसाचा अपस्मार ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरा उमेदवार अ‍ॅडेनोसीन. झटक्याच्या वेळी मेंदूत त्याचे प्रमाण वाढते आणि ए-१ ग्राहींमार्फत तो झटका आवरायला हातभार लावतो. मग तोच शिरेतून का देऊ नये? कारण हृदयातही हेच ग्राही आहेत; तेथे त्याने ठोके मंदावतात. प्रकाशाने ठरावीक जागीच सोडण्याचा फायदा इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. बेल्जियममधील गेंट विद्यापीठात सायक्लोपेंटिलअ‍ॅडेनोसीन या जवळच्या संयुगाला कुमारिन या प्रकाशाने तुटणाऱ्या रासायनिक गटाच्या पिंजऱ्यात ठेवून हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतील स्मृतीशी निगडित भागावर, अभ्यास झाला आहे. अपस्मारातील जुने औषध कार्बामाझेपीन याचे प्रकाशाने बदलणारे रूपही २०२४ मध्ये पुढे आले. त्याच्या चाचण्या झेब्राफिशच्या अळ्यांवर आणि उंदरांतील मज्जाविकारजन्य वेदनेवर झाल्या, अपस्मारावर नव्हे.

अडचणींतली सर्वांत बोचरी अडचण रसायनातच आहे. पिंजऱ्यातील गाबाचे अनेक रेणू बंद अवस्थेतच गाबाच्या ग्राहींना अडवतात. म्हणजे झटका थांबवायला आणलेले औषध प्रकाश पडण्याआधी झटका चेतवू शकते. रुथेनियमच्या संयुगात हा दोष कमी आहे, पण मात्रा वाढली की तो डोके वर काढतो. पिंजरा फुटल्यावर उरणारे तुकडे अपायकारक नसावेत, ही अट वेगळीच.

मग प्रश्न प्रकाशाचा. अतिनील आणि निळा प्रकाश मेंदूच्या ऊतीत फार खोल जात नाही, आणि तीव्रता वाढवली तर ऊती तापते. म्हणून खोल उगमस्थानासाठी बारीक प्रकाशतंतू आत रोवावा लागेल, किंवा अधिक खोल जाणाऱ्या तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाला प्रतिसाद देणारे रेणू घडवावे लागतील. झटक्याची चाहूल विद्युत संकेतांवरून लावणारे यंत्रही सोबत हवे. हा भाग तुलनेने सुकर आहे: झटक्याची सुरुवात ओळखून विद्युत स्पंद देणारे रोपणयंत्र अमेरिकेत २०१३ पासून मान्य आहे.

प्रकाशजनुकशास्त्राशी या पद्धतीची गल्लत होते. तेथे विषाणूमार्फत प्रकाशसंवेदी प्रथिनाचे जनुक मज्जापेशींत घालावे लागते. प्रकाशसक्रिय औषध पेशींच्या मूळच्याच ग्राहींवर काम करते आणि मात्रा थांबवली की कालांतराने शरीरातून निघून जाते. लुकलुकत्या प्रकाशाने काही रुग्णांना झटका येतो तो प्रकाशसंवेदी अपस्मार; त्याचा या उपचाराशी संबंध नाही. तेथे प्रकाश डोळ्यांवाटे मेंदूला उत्तेजित करतो, येथे तो थेट औषधाच्या रेणूवर पडतो.